मुद्दल ४३३ रुपये

दुधाची पिशवी रिकामी झाली की पाण्याने विसळून ते पाणी पातेल्यात घालायचं. साबणाची उरलेली चकती नव्या वडीवर दाबून बसवायची. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीने चिरायची. जुन्या चादरीचे अभ्रे, अभ्रे विरले की ओट्याची फडकी, फडकी काळी पडली की पायपुसणी. हे मी कर्ज झालं म्हणून शिकले नाही. माझ्या आईकडे हे होतं, सासूबाईंकडे होतं, आणि शेजारच्या सहा घरांत डोकावलं तर तिथेही हेच दिसेल. त्यामुळे आमच्यावर खरोखरच कर्जाचा डोंगर झाला आणि जो तो ‘आता जरा हात आखडता घ्या’ म्हणायला लागला, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते, की आता इथे आखडायला शिल्लक काय आहे?

आमचं कर्ज स्वयंपाकघरात झालेलं नव्हतं. फेडायची सुरुवात मात्र सगळ्यांनी तिथूनच सुचवली. याचा मला तेव्हा राग यायचा, अजूनही येतो, आणि तो रास्त आहे हे आकड्यांनिशी सांगता येतं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी कर्ज कसं झालं ते सांगते. २०२१ च्या सुरुवातीला आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये भाड्याने राहत होतो. करोनामुळे घरांचे व्यवहार थंडावले होते म्हणून राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती. डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्के, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत दोन टक्के. मार्च जवळ येत होता आणि जो भेटेल तो म्हणायचा, घ्यायचं तर आत्ताच. पाथर्डी फाट्याला दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट बघितला, साठवलेलं सगळं घातलं आणि उरलेल्या पंचवीस लाखांचं कर्ज काढलं. वीस वर्षं मुदत, व्याज ६.९ टक्के, हप्ता १९,२३३ रुपये. नवरा अंबडच्या एमआयडीसीत, हातात बेचाळीस हजार. मी एका शाळेच्या ऑफिसात, अठरा हजार. भाडं अकरा हजार जातच होतं. त्यामुळे हप्ता फार डोईजड वाटला नाही.

पुढच्या वर्षी सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेडिक्लेमने काही रक्कम दिली, उरलेल्यासाठी नवऱ्याच्या कंपनीतल्या पतसंस्थेतून तीन लाख उचलले. छत्तीस हप्ते, महिन्याला ९,८०० च्या आसपास, पगारातूनच कापून. फिजिओथेरपी, औषधं, त्याच महिन्यात बंद पडलेला फ्रिज, लेकीच्या क्लासची फी, हे सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. वर्षभरात कार्डाची थकबाकी ९६ हजारांवर पोचली.

आणि या सगळ्याच्या मागे गृहकर्ज गुपचूप वेगळंच काहीतरी करत होतं. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो), बांधलेली असतात. आम्ही कर्ज घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ६.५ झाला. आमचं ६.९ चं ९.४ झालं. हप्ता मात्र १९,२३३ च राहिला, त्यामुळे कुणाचं लक्षच गेलं नाही. बँकेने हप्त्याला हात न लावता मुदत वाढवली होती.

२०२३ च्या मार्चमध्ये नवऱ्याला इन्कम टॅक्ससाठी व्याजाचा दाखला हवा होता म्हणून कर्जाचा उतारा काढला. त्यात त्या महिन्याची ओळ होती: हप्ता १९,२३३, व्याज १८,८००, मुद्दल ४३३. मी ती ओळ तीनदा वाचली. चष्मा पुसून वाचली. लेक तेव्हा आठवीत होती, नुकतंच चक्रवाढ व्याज शिकली होती. तिने वहीत ‘द.सा.द.शे. ९.४’ असं लिहून उदाहरण मांडलं, मग मोबाईलवर ताडून बघितलं आणि म्हणाली, “आई, असंच चाललं तर अजून चाळीस वर्षं लागतील.” नवरा तेव्हा पंचेचाळीसचा होता. तो काही बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पंच्याऐंशीला मोकळा होशील. बरं आहे, तुला जगायला काहीतरी कारण.”

बँकेतल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, अर्ज द्या, हप्ता वाढवून घ्या. दिला. मूळच्या मुदतीत कर्ज फिटायचं असेल तर हप्ता २३,०७८. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की दर बदलला तर हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या. आम्हाला ते आमचं आम्हालाच कळलं होतं. आमच्या सोसायटीत त्याच साली घर घेतलेली आणखी बिऱ्हाडं आहेत. मी बागेत बाकावर हा विषय काढला तेव्हा निम्म्या बायकांना आपल्या कर्जाची उरलेली मुदत ठाऊक नव्हती. हप्ता सगळ्यांना पाठ.

तर महिन्याचा हिशोब असा झाला. साठ हजार आत. गृहकर्ज २३ हजार, पतसंस्था पावणेदहा, कार्डाचं किमान देणं ४,८००. उरलेल्या बावीस हजारांत पाच माणसं: दोन मुलं, सासूबाई, आम्ही दोघं. त्यात शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, गॅस, रिचार्ज, गाडीचं पेट्रोल आणि माझ्या पॉलिसीचा हप्ता.

आणि मग सुरू झालं स्वयंपाकघरातलं अर्थकारण. सिलिंडर तेव्हा अकराशेच्या वर होता, ऑगस्टअखेर सरकारने दोनशे कमी केले तोवर. मी डाळ-भात-बटाटे एका कुकरात डब्यांवर डबे रचून लावायला लागले, कडधान्यं तर आधीपासूनच भिजवलेली असायची. तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली तेव्हा आठवड्यात तीन दिवस पिठलं, कुळथाची पिठी, ताकाची कढी. तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरवायचा म्हणून पुऱ्या आणि भजी बंद. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशे रुपये किलो झाले. नाशिक जिल्ह्यात, जिथे पिंपळगावला टोमॅटोचे ट्रकच्या ट्रक भरतात, तिथे आम्ही आमटीत चिंच-कोकम घालत होतो. बाजारात संध्याकाळी उशिरा जायचं, भाजीवाल्याला गाडी आवरायची घाई असते तेव्हा. कोथिंबिरीची जुडी निवडून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, देठं वाटणात.

या सगळ्यातून महिन्याला किती सुटले? मी वहीत लिहीत होते म्हणून सांगू शकते. चांगल्या महिन्यात चौदाशे रुपये. पाहुणे आले की सातशे. त्यासाठी मी रोज तासभर जास्त उभी होते, आणि चौदाशे रुपयांसाठी माझं कौतुक मात्र भरपूर झालं. “वहिनी कशा नेटाने करतात बघा.” “लक्ष्मी आहे घरातली.” दीर म्हणाले, जाऊबाई म्हणाल्या, वाणीसुद्धा म्हणाला. त्याच महिन्यात कार्डाचं काय चाललं होतं ते ऐका. ९६ हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे ३,३६० व्याज, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटीचे ६०५. आम्ही भरत होतो ४,८००. त्यातून कर्ज उतरलं ८३५ रुपये. माझ्या देठांच्या वाटणाने वाचवलेलं सगळं कार्ड दर महिन्याला जवळजवळ तिप्पट करून खात होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं आणि कोथिंबीर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओट्यावर.

कार्ड बंद करायची वाट सासूबाईंनी दाखवली. त्यांना व्याजाचे टक्के कळत नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी लेकीला शेजारी बसवून विचारलं, “सोन्यावर बँक किती लावते गं?” लेकीने शोधलं: साडेनऊ टक्के, वर्षाला. “आणि त्या कार्डावर?” बेचाळीस, वर करासकट. “मग हे घ्या,” म्हणून त्यांनी हात पुढे केले.

पाटल्या निघेनात. सांधे सुजून जाड झाले होते, कित्येक वर्षांत त्या हातातून काढलेल्या नव्हत्या. मी मोरीत पाट ठेवून त्यांना बसवलं, मनगटापर्यंत साबणाचा फेस केला, अंगठा आत दुमडून धरला आणि हळूहळू फिरवत एकेक पाटली सरकवली. दुसरीच्या वेळी त्या “आई गं” म्हणाल्या आणि लगेच, “ओढ, थांबू नको.” आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचा मळ आणि पिठाचा थर बसला होता. मी जुन्या ब्रशने रिठ्याच्या पाण्यात घासल्या तेव्हा आतलं सराफाचं ठशाचं अक्षर दिसलं.

बँकेत सोनं तपासायला एक सराफ ठरलेल्या वारी येऊन बसतात. त्यांनी काळ्या कसोटीवर पाटलीची कड घासली, पिवळी रेघ उठली. तिच्यावर काचेच्या कांडीने ॲसिडचा थेंब सोडला, रेघ तशीच राहिली. मग काट्यावर वजन, वजनातून थोडी घट, त्या दिवसाचा भाव, त्याच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज. आम्हाला एक लाखच हवे होते. पाकीट आमच्यासमोर सील झालं, त्यावर सासूबाईंची सही झाली. त्यांनी विचारलं, “कुठे ठेवणार हे?” साहेब म्हणाले, “स्ट्राँगरूममध्ये, आजी.” “मग चांगलंय की. घरात चोराची भीती होती.” येताना भद्रकालीतून त्यांनी बेन्टेक्सच्या पाटल्या घेतल्या. सोसायटीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवरा मात्र दोन दिवस जेवला नाही नीट. आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, ही नामुष्की. मी त्याला म्हटलं, “अहो, बेचाळीस टक्क्यांनी कर्ज होतं तेव्हा नव्हती का नामुष्की? आता साडेनऊवर आलोय.” त्याला पटलं, पण पटण्याने काही होत नाही. आपल्याकडे गहाण म्हटलं की सावकार आठवतो, खातं-पुस्तक आणि अंगठा आठवतो. प्लास्टिकचं कार्ड घासलं की काहीच आठवत नाही. महिन्याला तीन हजार वाचले ते या एका दुपारच्या कामाने. माझ्या चौदाशेच्या दुपटीहून जास्त.

माहेरचं एक सांगायला हवं, नाहीतर हिशोब खोटा होईल. माझा भाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. गव्हाची दोन पोती, कांद्याची गोण, द्राक्षांच्या दिवसांत बेदाणे, हे दरवर्षी येतं आणि कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. लासलगावला भाव कोसळले. त्या हिवाळ्यात भावाने एकाऐवजी तीन गोण्या टेम्पोत टाकून पाठवल्या. “तिकडे नेऊन विकण्यापेक्षा तुम्ही खा,” म्हणाला. आमच्या वहीत जे जमा दिसत होतं ते त्याच्या वहीत नावे पडलं होतं. त्याचं विकास सोसायटीचं पीककर्ज आहे, दर मार्चला नवं-जुनं होतं, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचं. त्याच्या घरीही वहिनी कांद्याच्या साली तेवढ्या रांधत नाही, बाकी काटकसर सगळी करते. मी त्याला गव्हाचे पैसे देऊ केले तर तो आठवडाभर फोनवर तुटक बोलला.

मग गाडी. दहा वर्षांची जुनी, पांढरी, सेकंडहँड घेतलेली. पेट्रोल एकशे सहाच्या घरात, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, दर पावसाळ्यात काहीतरी. महिन्याला चार हजार तरी. नवऱ्याला कंपनीची बस फाट्यावर मिळते, मला सिटीलिंकची शहरबस. गाडी निघायची ती रविवारी आणि लग्नांना. पण गाडी विकायला सहा महिने लागले. गिऱ्हाईक तर आठवड्यात मिळालं असतं. सहा महिने ‘विकू या’ हे वाक्य घरात उच्चारायला लागले. तेवढ्या काळात मी दूध एक लिटरचं पाऊण लिटर केलं होतं आणि त्यावर कुणाचीही बैठक झाली नव्हती.

दिवाळीआधी गाडी गेली, एक लाख सत्तर हजारांना. पार्किंगची जागा रिकामी दिसायला लागली तशी चौकशी सुरू झाली. “सर्व्हिसिंगला दिलीय का?” नवरा म्हणाला, हो. पुढच्या आठवड्यात म्हणाला, गावाला भावाकडे आहे. शेवटी सासूबाईंनी खाली बागेत सांगून टाकलं, “विकली. व्याज भरायचंय.” त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे दोन महिन्यांत आणखी एक गाडी सोसायटीतून गेली.

त्या पैशांतून आधी पाटल्या सोडवल्या. उरलेल्यांतले पन्नास हजार गृहकर्जात मुद्दल म्हणून भरले. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरलं तर बँकांना दंड लावता येत नाही, २०१२ पासूनचा नियम आहे. लेकीने पुन्हा गणित केलं. पन्नास हजारांनी शेवटचे दहा हप्ते उडाले, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. हे ऐकून माझ्याच्याने राहवलं नाही, मी त्या दिवशी पुऱ्या तळल्या.

सगळ्यात अवघड काय होतं म्हणाल तर आहेर. बँकेच्या साहेबांना त्यातलं काही कळणार नाही आणि पैशांवर सल्ले देणारे मोबाईलवरचे लोक त्याबद्दल बोलत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की पत्रिका यायला लागतात. ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं आणि ते कुणी मनावर घेत नाही. सख्ख्यातलं लग्न म्हणजे पाकीट, मुलीला साडी, विहिणीला साडी, मानाची टॉवेल-टोपी. शिवाय बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, साठीशांत. मी मागच्या वर्षाचं मिळवून बघितलं तर चोवीस हजार झाले. महिन्याला दोन हजार. भाजीत मी जे वाचवत होते त्याहून जास्त मी साड्यांत देत होते, आणि त्यातल्या निम्म्या साड्या पुढच्या लग्नात पुढच्या घरी जाणार हे देणारी आणि घेणारी दोघींना ठाऊक.

आमच्या लग्नातली आहेराची वही माळ्यावर होती, ती काढली. दोनशे पानी, वर ‘॥ श्री ॥’, कोपऱ्याला हळदीचं बोट. माझे चुलत सासरे त्या दिवशी हॉलच्या दाराशी टेबल टाकून काळी पाऊच पोटाशी धरून बसले होते, त्यांच्या अक्षरात ओळीने नावं: रोख ५१. रोख १०१. स्टीलचा डबा पाच लिटर. लेमन सेट. भिंतीवरचं घड्याळ. पुन्हा लेमन सेट. काही नावांपुढे सासूबाईंनी नंतर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. ज्यांच्याकडचं परत गेलं त्यांच्यापुढे खूण. ५१ चे १०१ करून, १०१ चे ५०१ करून. सतरा वर्षांपूर्वीचं हे कर्ज चढत्या भाजणीने आम्ही अजून फेडत होतो, आणि समोरचे आमचं.

मी नणंदेला फोन केला. सिन्नरला असतात त्या, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. म्हटलं, “वन्सं, स्पष्ट बोलते, राग मानू नका. आम्ही येऊ, दोन दिवस आधी येऊन राबू, पण साड्या-टोप्यांचं यंदा आम्हाला जमणार नाही. आणि आम्हालाही काही करू नका.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “आईला विचारलंस का?” म्हटलं, त्यांनीच करायला सांगितला फोन. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. त्यांनी प्लॉटवर कर्ज काढलं होतं, ते लग्नाआधी कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मानपानाच्या यादीत त्यांच्या सत्तर साड्या होत्या. अर्धा तास आम्ही ती यादी फोनवर खोडत बसलो. “हिला नको, हिने मला दिलीच नव्हती.” “हिला द्यावी लागेल.” “का?” “भांडखोर आहे.” यादी तेवीसवर आली.

त्यानंतर आमच्याकडच्या तीन-चार घरांत तसंच झालं. सगळेच कुणीतरी आधी थांबायची वाट बघत होते, कारण ज्याच्या त्याच्या मानेवर हप्ता होता. सगळीकडे गोड झालं असं मात्र नाही. तेच चुलत सासरे, वही लिहिणारे, त्यांच्या नातीच्या लग्नात आम्ही पाकिटात पाचशे एक घातले. त्यांच्या मनात काय आकडा होता कोण जाणे. तेव्हापासून ते आमच्याकडे आलेले नाहीत, दसऱ्याला सोनं द्यायलाही नाही. नवऱ्याला याची रुखरुख आहे. मलाही आहे, कारण ते भले गृहस्थ आहेत. पण पाच हजार घालून ती रुखरुख पुसली असती तर ते पाच हजार कुठून आले असते, हेही मला माहीत आहे.

भिशी मी सोडली नाही. बारा बायका, दोन हजार महिना, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. नवऱ्याचं म्हणणं, यात व्याज नाही, मग फायदा काय? तेच दोन हजार कर्जात भर. गणिताने तो बरोबर आहे. पण माझ्या नावावर एकरकमी पैसा हातात येण्याची ती वर्षातली एकच वेळ, आणि जून महिन्यात शाळेची फी, गणवेश, पुस्तकं त्यातून निघाल्यामुळे कार्ड पुन्हा पाकिटातून बाहेर काढायची वेळ आली नाही. शिवाय महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसून हसता येतं. कर्जाच्या घरात मन कशावर टिकतं याचा टक्का काढता आला तर लेकीला सांगेन काढायला.

सासूबाईंचं आणखी एक. पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे, २०२२ पासून. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. एक गुडघा नवा झालेला, खिशातून जायला काही नाही, त्यामुळे त्या मैत्रिणींबरोबर वणी, त्र्यंबक, शिर्डी, कधी नुसतंच सिन्नरला लेकीकडे जेवायला अशा हिंडतात. आमच्या घराच्या सगळ्यात तंगीच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त प्रवास त्यांनी केला. परत आल्या की डब्यातली उरलेली दशमी बाहेर काढून हिशोब सांगतात, “खर्च शून्य. प्रसादाचे वीस.” त्या वीस रुपयांची नोंद वहीत त्या स्वतः करायला लावतात.

या जूनमध्ये, २०२५ च्या, पतसंस्थेचा शेवटचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून कापला गेला. त्याचे दोन्ही जामीनदार मित्र त्या दिवशी टपरीवर चहा प्यायला थांबले होते म्हणे, सुटलो म्हणून. गेल्या तीन वर्षांत नवरा कंपनीत ज्यांच्या तोंडाकडे बघून एकही हप्ता चुकू देत नव्हता ते हे दोघं. बँकेच्या नोटिशीपेक्षा जामीनदाराची सकाळची ‘काय, बरं ना?’ ही चौकशी माणसाला सरळ ठेवते. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो साडेपाचवर आणला, फेब्रुवारीपासून एक टक्का उतरला. या वेळी बँकेला आम्ही आधीच कळवलं होतं: हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा.

म्हणजे महिन्याला पावणेदहा हजार मोकळे. रविवारी जेवताना विषय निघाला. लेक आता अकरावीला, तिने ताट बाजूला सारून मोबाईलवर तक्ता उघडला: सगळे गृहकर्जात घातले तर किती सालात मोकळे, निम्मे घातले तर किती. तिच्या तक्त्यात ‘बाबा, सलून, दाढीसकट’ अशीही एक ओळ आहे, ती तिने गेल्या वर्षीपासून धरून ठेवली आहे. धाकट्याला सायकल हवी होती. नवरा सहज म्हणून जुन्या गाड्यांचे फोटो दाखवायला लागला, फक्त बघायला, घ्यायचं काही नाही. मी म्हटलं, दूध पुन्हा एक लिटर करायचं, त्यावर मतदान नाही.

सासूबाई ताक पीत ऐकत होत्या. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “माझा दुसरा गुडघा विसरलात सगळे.”

तर नवरा सोमवारी कंपनीत विचारून येणार आहे, नव्या मेडिक्लेममध्ये आईवडील बसतात का ते.